लीड्सचं ‘बुस’ आणि ‘लुव’: उत्तर इंग्लंडची बोली अशी का?

चकोर_लीड्स

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. आम्ही मूळचे पुण्याचे, सध्या लीड्सला असतो. मुलगी इथल्या प्राथमिक शाळेत जाते आणि आता तिचं इंग्लिश अगदी इथल्या पोरांसारखं झालंय. बसला ‘बुस’, कपला ‘कुप’, लव्हला ‘लुव’. बाथ म्हणताना ‘आ’ लांबवत नाही, ‘बॅथ’च्या जवळचं काहीतरी म्हणते. काही नाही म्हणायचं तर ‘नाउट’, काहीतरी म्हणायचं तर ‘सुमाट’. मला ऐकायला गोड वाटतं, पण घरच्यांशी व्हिडिओ कॉल झाला की सासरे म्हणतात अगं तिला नीट इंग्लिश शिकवा, हे कसलं गावठी. त्यात लंडनकडच्या एका ओळखीच्या बाईंनी पण सांगितलं की हे आत्ताच सुधारून घ्या, मोठेपणी जड जाईल.

तर मला खरंच समजून घ्यायचंय की ही बोली आली कुठून. लंडनचं इंग्लिश बिघडून हे झालं की हे मुळातच वेगळं आहे? ऑफिसात लोक ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणतात म्हणजे नऊ ते पाच, ते कसं काय? शेजारचे आजोबा मुलांना खेळायला जा म्हणायचं तर ‘लेक’ असा काहीतरी शब्द वापरतात आणि माझ्या मुलीला ‘दाऊ’सारखं (‘तू’साठीचा जुना इंग्लिश शब्द) ‘था’ म्हणतात. आणि ट्रेनने फार लांब नसलेल्या न्यूकॅसलला गेलं की मला पहिली काही मिनिटं काहीच कळत नाही, इतका फरक एवढ्याशा अंतरात कसा? भाषेचा अभ्यास असलेल्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज, सासऱ्यांना वाचून दाखवायचंय.

सह्यकडा

छान प्रश्न. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, लंडनचं बिघडून लीड्सचं झालं हे अजिबात खरं नाही, ‘बुस’च्या बाबतीत तर बरोबर उलट झालंय. बदललं ते लंडन. लीड्स आहे तिथेच थांबलं.

आपण सगळ्यांनी शाळेत हा प्रश्न विचारलाय, की बी यू टी ‘बट’ तर पी यू टी ‘पुट’ का. बहुतेक मास्तर म्हणायचे पाठ करा. याचं उत्तर खरं तर सासऱ्यांच्या प्रश्नात दडलंय. हे दोन्ही शब्द एके काळी ‘उ’नेच म्हणत, बुट आणि पुट, आणि नुसतं उत्तरेतच नाही तर लंडनमध्ये सुद्धा. सतराव्या शतकात आग्नेय इंग्लंडात, म्हणजे लंडन आणि आजूबाजूला, हा ‘उ’ फुटला. बऱ्याच शब्दांत तो सैल होत होत आजच्या ‘अ’सारखा झाला, कप, लव्ह, बस, सन, मनी. पण जिथे आजूबाजूला ओठ गोल करायला लावणारी व्यंजनं होती, प फ ब व ल अशी, तिथे बऱ्याचदा जुना ‘उ’ टिकला, म्हणून पुट, पुल, फुल, बुल, पुश. नियम शंभर टक्के पक्का नाही, ‘बट’ स्वतःच त्याला अपवाद आहे, भाषेत असं चालतंच. उत्तर इंग्लंडात मात्र ही फूट कधी पडलीच नाही. तिकडे आजही बी यू टी आणि पी यू टी यांचा यमक जुळतो! शेक्सपिअर १६१६ साली गेला, म्हणजे त्याच्या काळातला लंडनचा माणूस पण कप आणि लव्ह तुमच्या मुलीसारखाच म्हणत असणार.

याच्याच जोडीने ‘ब्लड, गुड, फूड’ बघा. तिन्हीत डबल ओ, तीन उच्चार. तिन्हीत आधी लांब स्वर होता. ब्लडमधला लवकर आखूड झाला, ‘उ’ झाला आणि मग वरच्या फुटीत सापडून ‘अ’ झाला. गुडमधला उशिरा आखूड झाला तोवर फूट पडून गेली होती म्हणून तो ‘उ’च राहिला, आणि फूडमधला आखूड झालाच नाही. लीड्समध्ये ब्लड आणि गुड यमकात बसतात. पलीकडे लॅंकशायरच्या बाजूला काही वयस्कर लोक अजून बुकला ‘बूक’ आणि कुकला ‘कूक’ म्हणतात, तिथे तो आखूड व्हायचाच राहिला.

आता बाथ. हा लांब ‘आ’ तर आणखी अलीकडचा, दक्षिणेत रुळला तो मुख्यतः अठराव्या शतकात. आणि गंमत अशी की तेव्हा लंडनमध्येच तो खालच्या दर्जाचा मानायचे. जॉन वॉकर नावाच्या माणसाने १७९१ साली उच्चारांचा मोठा शब्दकोश काढला, त्यात त्याने आफ्टर, बास्केट, प्लांट अशा शब्दांत ‘आ’ लांबवणं असभ्यपणाच्या अगदी जवळ जातं असं लिहून ठेवलंय. पुढे शंभरेक वर्षांत तोच लांब ‘आ’ सुशिक्षितपणाची खूण झाला. अमेरिकेत गेलेले लोक त्याआधीच निघून गेले होते म्हणून अमेरिकन माणूस पण बाथ लांबवत नाही. आपल्याकडे साहेबाचं इंग्लिश पसरलं ते नंतर, म्हणून आपण क्लास, पास, बाथ म्हणतो. सासऱ्यांना सांगा की त्यांचा ‘आ’ नातीच्या ‘बॅथ’पेक्षा वयाने लहान आहे.

शब्दवेडी

वरचा प्रतिसाद मस्त. मी ‘लेक’ शब्दाबद्दल लिहिते कारण त्याची गोष्ट फार मोठी आहे.

हा शब्द व्हायकिंग लोकांचा. जुन्या नॉर्समध्ये ‘लेइका’ म्हणजे खेळणे, आजही स्वीडिश नॉर्वेजियनमध्ये खेळण्यासाठी त्याच कुळातला शब्द आहे. सन ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांची धाड पडली ती सगळ्यांना माहीत असते, पण भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचं ते पुढचं. ८६५ ला डेन लोकांचं, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांचं, मोठं सैन्य इंग्लंडात उतरलं आणि ८६६ मध्ये त्यांनी यॉर्क घेतलं. ८७८ ला दक्षिणेतल्या आल्फ्रेड राजाने त्यांना एडिंग्टनला हरवलं आणि पुढे देशाची वाटणी झाल्यासारखं झालं, उत्तर आणि पूर्व भाग डेन लोकांच्या कायद्याखाली, डेनलॉ. यॉर्कचा शेवटचा नॉर्स राजा एरिक ब्लडॲक्स ९५४ मध्ये संपला. पण ते लोक लुटून परत गेले नाहीत ना, त्यांनी शेती केली, लग्नं केली, मुलंबाळं झाली. दोन्ही भाषा चुलत बहिणी होत्या, बरेच शब्द एकमेकांना समजत असणार, शेवटचे प्रत्यय तेवढे वेगळे. शेजारीपाजारी बोलून बोलून ते प्रत्यय झिजायला मदत झाली असं बरेच अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं.

चकोर, तुम्ही लीड्सला राहता म्हणजे तुम्ही रोज नॉर्स बोलताय. ब्रिगेट आणि कर्कगेट या रस्त्यांवरून जात असाल. त्यातलं ‘गेट’ म्हणजे फाटक नाही, नॉर्स ‘गाता’ म्हणजे रस्ता. ब्रिगेट म्हणजे पुलाचा रस्ता, कर्कगेट म्हणजे चर्चचा रस्ता. होलबेकमधलं ‘बेक’ म्हणजे ओढा. व्हिटबी, सेल्बी, ग्रिम्सबी, डर्बी यातलं ‘बी’ म्हणजे वस्ती किंवा गाव, स्कंथॉर्पमधलं ‘थॉर्प’ म्हणजे मुख्य गावाबाहेरची छोटी वाडी. याउलट आपल्या क्रिकेटवाल्यांना पाठ असलेलं हेडिंग्ली, त्यातलं ‘ली’ हे व्हायकिंगांच्या आधीचं जुनं इंग्लिश, जंगल तोडून केलेली मोकळी जागा. म्हणजे बसच्या पाट्या वाचत गेलं तरी कोण आधी आलं आणि कोण नंतर ते दिसत जातं. यॉर्कशायरचे पूर्वी जे नॉर्थ, ईस्ट आणि वेस्ट रायडिंग असे तीन भाग होते, ते ‘रायडिंग’ पण नॉर्सच, त्याचा अर्थच एक तृतीयांश. घोड्यावर बसण्याशी काही संबंध नाही.

आणि हे नुसतं यॉर्कशायरपुरतं राहिलं नाही. स्काय, स्किन, स्कर्ट, नाइफ, एग, विंडो, हजबंड, लॉ, रॉंग, अग्ली हे सगळे नॉर्स. शर्ट आणि स्कर्ट मुळात एकच शब्द, इंग्लिशच्या तोंडात ‘स्क’चा ‘श’ झाला आणि नॉर्सच्या तोंडात ‘स्क’ राहिला, पुढे दोघांनी वेगवेगळे कपडे वाटून घेतले. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दे, देम, देअर ही सर्वनामं. उधारीवर भाज्यांची, कपड्यांची नावं कुठलीही भाषा घेते, पण ‘ते’ आणि ‘त्यांचं’ हे शब्द दुसऱ्याकडून घ्यायला किती जवळीक लागत असेल विचार करा. हे आधी उत्तरेत रुळले आणि मग हळूहळू खाली लंडनला पोचले. म्हणजे सासरे ज्या इंग्लिशला नीट म्हणतात त्यातले ‘दे’ आणि ‘देम’ उत्तरेतूनच आलेत.

एग वरून आठवलं. विल्यम कॅक्स्टन, ज्याने इंग्लंडात पहिला छापखाना काढला, त्याने १४९० मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक प्रसंग दिलाय. काही व्यापारी थेम्समधून जहाजाने निघाले, वारा पडला म्हणून केंटच्या किनाऱ्याला थांबले. त्यातला एक जण एका घरी गेला आणि खायला ‘एग्ज’ मागितली. बाई म्हणाली मला फ्रेंच येत नाही. तो भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! शेवटी दुसऱ्या कोणीतरी ‘आयरेन’ म्हणून मागितली तेव्हा तिला कळलं. आयरेन हा अंड्यांचा जुना दक्षिणी शब्द आणि एग हा नॉर्स शब्द. कॅक्स्टनने पुढे लिहिलंय की आता छापणाऱ्याने यातला कुठला शब्द छापावा. आज एग जिंकलंय आणि आयरेन कोणाला माहीतही नाही.

कोतवाल_७

उत्तर इंग्लंडात जे काही वेगळं ऐकू येतं ते सगळं व्हायकिंगांचं असं टूर गाइड सांगतात, ते तेवढं खरं नाही म्हणून थोडी भर घालतो.

‘नाउट’ आणि ‘आउट’ (काही नाही आणि काहीतरी) हे अस्सल जुने इंग्लिश शब्द आहेत. नाउट म्हणजे जुना ‘नाविहट’, त्यातूनच पुस्तकी ‘नॉट’ म्हणजे शून्य आला. ‘सुमाट’ म्हणजे समव्हॉट. ‘व्हाइल’ हा ‘पर्यंत’ या अर्थाने पूर्वी सगळीकडे चालायचा, शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये पण तो याच अर्थाने आलाय. दक्षिणेत मेला, यॉर्कशायरमध्ये टिकला, बाकी काही नाही. तसंच ‘बेर्न’ म्हणजे मूल, तो जुन्या इंग्लिशमध्ये पण होता आणि नॉर्समध्ये पण, दोघांनी मिळून टिकवला असं फार तर म्हणता येईल.

आता आजोबांचं ‘था’. हा ‘दाऊ’चाच घासलेला उच्चार, आणि हे मराठी माणसाला इंग्रजापेक्षा लवकर कळतं कारण हे सरळ सरळ आपलं तू आणि तुम्ही आहे. जुन्या इंग्लिशमध्ये दाऊ म्हणजे एकवचन, यी किंवा यू म्हणजे अनेकवचन. फ्रान्सहून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच दरबाराच्या वळणाने यू हे आदरार्थी झालं, मोठ्यांना यू, लहानांना, घरच्यांना आणि देवाला दाऊ. सतराव्या शतकात दक्षिणेतल्या शहरांत सगळेच सगळ्यांना यू म्हणायला लागले आणि दाऊ प्रार्थनेपुरतं उरलं. यॉर्कशायरच्या खाणींत, गिरण्यांत आणि शेतांवर ते विसाव्या शतकात सुद्धा चालू होतं. इथे एक जुनं बोलणं आहे, त्याचा मतलब असा की मला ‘था’ म्हणू नकोस, जे तुला ‘था’ म्हणतात त्यांना ‘था’ म्हण. म्हणजे अरे-तुरे कोणाला करतोस, हेच. मोठी माणसं लहानांना था म्हणणार, लहानाने उलट म्हटलं तर उद्धटपणा. तेव्हा शेजारच्या आजोबांनी तुमच्या मुलीला था म्हटलं म्हणजे तिला घरातली मानलं. त्याचं मला विशेष वाटतं, कारण आता हे तरुणांच्या तोंडी फारसं येत नाही.

अजून एक, सगळं जुनं उत्तरेतच राहिलं असंही नाही. शब्दाच्या शेवटचा र घ्या. कार, फार्म, फोर्थ यातला र लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटाला गळायला लागला, वर ज्या वॉकरचं नाव आलंय त्यानेही ते टिपलंय. लीड्सने तो र दक्षिणेसारखाच सोडला. पण ब्लॅकबर्नच्या आसपास लॅंकशायरमध्ये, नैऋत्येला ब्रिस्टलकडे, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये तो आजही ऐकू येतो. अमेरिकेत बहुतेकांनी ठेवला, बॉस्टन आणि न्यूयॉर्कने लंडनच्या नादाने सोडला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये वारं फिरलं, र म्हणणं प्रतिष्ठेचं झालं. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत, एक महागडं, एक मधलं आणि एक स्वस्त, विक्रेत्यांना असा प्रश्न विचारला की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ यावं. महागड्या दुकानात र जास्त ऐकू आला, स्वस्तात कमी. म्हणजे लंडनमध्ये र गाळणारा साहेब आणि न्यूयॉर्कमध्ये र म्हणणारा साहेब. आवाजात स्वतःचं असं चांगलं वाईट काही नसतं, तो कोणाच्या तोंडी आहे यावर ठरतं.

चकोर_लीड्स

किती सुंदर माहिती देताय सगळे! ब्रिगेटवरून मी रोज जाते आणि मला वाटायचं की तिथे पूर्वी वेस असेल. न्यूकॅसलचं कोणी सांगेल का? आणि दुसरं म्हणजे, हे सगळं इतकं तपशिलात कोणी आणि कसं गोळा केलं? खेड्यापाड्यातली म्हातारी माणसं कसं बोलायची हे कुठे लिहून ठेवलंय का?

गोदातीर

न्यूकॅसलचं मी सांगतो, तिकडे काही वर्षं नोकरी केली.

न्यूकॅसल हे टाइन नदीवर, आणि नॉर्स वस्ती मुख्यतः टीस नदीच्या दक्षिणेला दाट होती. तिच्या उत्तरेला व्हायकिंगांच्या आधी आलेल्या अँगल लोकांची भाषा बऱ्यापैकी तशीच राहिली, आणि ते राज्य, नॉर्थम्ब्रिया, एके काळी एडिंबरापर्यंत होतं. म्हणून जॉर्डी, म्हणजे न्यूकॅसलकडची, बोली ऐकताना यॉर्कशायरपेक्षा स्कॉटलंडची आठवण जास्त होते. जाणे याला ‘गॅन’ म्हणतात, तो जुन्या इंग्लिश ‘गांगन’चा.

पण तुम्हाला जे कळत नाही ते शब्दांपेक्षा स्वरांमुळे. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्लिशचे सगळे लांब स्वर जागचे हलले. त्याआधी टाइमचा उच्चार ‘टीम’सारखा होता, हाऊसचा ‘हूस’ आणि नेमचा ‘नाम’च्या जवळचा. लोकलच्या बाकावर एक जण सरकला की पुढच्याला सरकावं लागतं आणि टोकाचा उभा राहतो, तसं झालं. ‘ओ’ वर सरकून ‘ऊ’च्या जागी आला, मग ‘ऊ’ला तिथे राहता येईना, तो ‘आउ’ झाला, हूसचं हाऊस. आता उत्तरेत काय झालं होतं की त्या आधीच ‘ओ’ बाक सोडून भलतीकडेच गेला होता, तोंडाच्या पुढच्या भागात. त्यामुळे ‘ऊ’ला ढकलायला कोणी उरलंच नाही आणि तो आरामात बसून राहिला. म्हणून जुने जॉर्डी आणि स्कॉटिश लोक अजून ‘हूस’ म्हणतात आणि न्यूकॅसलच्या फुटबॉल टीमला ‘टून’ म्हणतात, टाऊन नाही. मॅचच्या दिवशी स्टेशनावर उतरलात की तो ‘टून’ ऐकू येईल, तो सहाशे वर्षांपूर्वीचा उच्चार आहे.

इंग्लिश स्पेलिंगचा जो सगळ्यांना त्रास होतो त्याचं मोठं कारण पण हेच. कॅक्स्टनचा छापखाना वेस्टमिन्स्टरला १४७६ साली सुरू झाला, स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि स्वर तेव्हाच निम्म्या वाटेवर होते. कागद थांबला, तोंड पुढे गेलं.

शब्दवेडी

कोणी गोळा केलं या प्रश्नाला उत्तर द्यायला मला खरंच आनंद होतोय, कारण तो माणूस तुमच्या जवळचाच.

जोसेफ राइट, जन्म १८५५, ब्रॅडफर्डजवळचा. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीत गाढवं हाकायचं काम, मग सॉल्टेअरच्या गिरणीत भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावणारा पोऱ्या. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता वाचता येत नव्हतं. मग स्वतः शिकला, रात्रशाळेत गेला, फ्रेंच जर्मन लॅटिन शिकला, पुढे स्वतःच रात्रशाळा चालवली. पैसे साठवून १८७६ मध्ये जर्मनीला हायडेलबर्गला शिकायला गेला, आणि खर्च वाचवायला अँटवर्पपासून चालत गेला. तिथे डॉक्टरेट केली आणि शेवटी ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचा प्रोफेसर झाला. त्याने इंग्लंडभरच्या बोलींचा सहा खंडांचा शब्दकोश केला, १८९८ ते १९०५ मध्ये छापून पूर्ण झाला. त्याआधी १८९२ मध्ये त्याने आपल्या विंडहिल गावच्या बोलीचं व्याकरण लिहिलं, गिरणीत जी भाषा बोलायचा तिचं, ग्रीक लॅटिनचं लिहावं तितक्या काटेकोरपणे. ज्या बोलीला लोक अडाण्यांची समजत होते तिच्यात स्वरांचे बदल किती शिस्तीत झालेत हे त्याने दाखवून दिलं. यॉर्कशायर डायलेक्ट सोसायटी १८९७ ची, ती पण त्याच्या कामातूनच निघाली. सॉल्टेअरची गिरणी अजून उभी आहे, लीड्सहून ट्रेनने थोडाच वेळ लागतो, मुलीला दाखवा.

त्यानंतरचं मोठं काम तर लीड्स विद्यापीठातच झालं. हॅरल्ड ऑर्टन आणि झुरिकचे ऑयगेन डीट यांनी प्रश्नावली केली, तेराशेच्या वर प्रश्न, आणि १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी माणसं पाठवली. मुद्दाम खेड्यातली, वयस्कर, फारशी बाहेर न गेलेली माणसं निवडली, बहुतेक शेतकरी पुरुष. शब्द आधी सांगायचा नाही हा नियम. वस्तू दाखवायची किंवा वर्णन करायचं आणि याला तुम्ही काय म्हणता विचारायचं, म्हणजे समोरच्याच्या तोंडून त्याचा स्वतःचा शब्द निघतो. अर्धा दिवस नाही, एकेका माणसाजवळ कितीतरी वेळ बसावं लागायचं. बायकांना त्यात फार कमी घेतलं याची मला हळहळ वाटते, स्वयंपाकघरातली आणि बाळंतघरातली किती भाषा त्यामुळे हुकली असेल. तरी पण जे जमलं ते अमूल्य आहे, कारण ती पिढी आता नाही.

अनामिका_ठाणे

माहिती छानच, पण मी जरा सासऱ्यांच्या बाजूने बोलते. इतिहास कितीही खरा असला तरी उद्या त्या मुलीचा लंडनला इंटरव्ह्यू असेल तेव्हा समोरचा माणूस व्हायकिंगांचा विचार करणार नाही, तो उच्चार ऐकूनच मत बनवेल. आई म्हणून ही काळजी असणं चुकीचं नाही.

कोतवाल_७

काळजी रास्त आहे, पूर्वग्रह आहेच. पण तो किती नवा आहे ते बघा म्हणजे त्याला किती घाबरायचं ते ठरवता येईल.

आपण ज्याला बीबीसी इंग्लिश म्हणतो तो उच्चार कुठल्याच गावाचा नाही. एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांची मुलं लांबच्या बोर्डिंग शाळांत राहायला लागली, तिथे सगळ्यांची गावं पुसून एक सामाईक उच्चार तयार झाला. डॅनियल जोन्स या उच्चारशास्त्रज्ञाने १९१७ च्या उच्चारकोशात तोच घेतला. बीबीसी १९२२ ला निघाली, १९२६ मध्ये त्यांनी बोलण्याचे नियम ठरवायला समिती नेमली, अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस, नंतर बर्नार्ड शॉ. मग घराघरात रेडिओवर तो एकच आवाज. १९४१ मध्ये युद्ध चालू असताना हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्सला बातम्या वाचायला बसवलं, हॅलिफॅक्स म्हणजे तुमच्या शेजारीच, त्याने यॉर्कशायरच्या वळणाने बातम्या वाचल्या तर लोकांनी तक्रारी केल्या, काही म्हणाले या आवाजात बातम्या खऱ्या वाटत नाहीत. आज तेच बीबीसी लावा, उत्तरेचे, स्कॉटिश, वेल्श सगळे आवाज ऐकू येतात.

आणि मुलांना दोन बोली सांभाळणं अवघड जात नाही. तुमची मुलगी तुमच्याशी मराठी, शाळेत लीड्सचं बोलतेच आहे. मोठी झाली की गरज पडेल तिथे तिसरं वळण आपोआप येईल, पण आत्ता शाळेत मैत्रिणींच्यात ती वेगळी पडेल असं बोलायला लावू नका. त्या वयात मैत्रिणींसारखं बोलता येणं ही फार मोठी गोष्ट असते.

नाशिककर

भाषाशास्त्र माझा विषय नाही, पण चकोर यांनी ऑफिसात एक शब्द ऐकला असेल तर त्याबद्दल सांगतो, ‘डूलाली’. एखाद्याचं डोकं फिरलं तर इंग्रज म्हणतो तो डूलाली झाला. हे आमचं देवळाली, नाशिकजवळचं. तिथे १८६१ पासून ब्रिटिश लष्कराचा कॅम्प होता. नोकरीची मुदत संपलेले सोल्जर मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत तिथे थांबायचे. जहाजं सुटायची ती साधारण नोव्हेंबर ते मार्च, मुदत त्यानंतर संपली तर पुढच्या हंगामापर्यंत महिनेच्या महिने बसून राहा. काम नाही, उन्हाळा, हिवताप, दारू, त्यात घरची ओढ, माणसं खरंच भ्रमिष्ट व्हायची. त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणायचे, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळला, देवळाली राहिलं. जे सोल्जर परत गेले त्यांच्यात यॉर्कशायरच्या पलटणींची पोरं पण होतीच. मुंगूस पण मराठीतूनच इंग्लिशमध्ये गेलंय, डिक्शनरीत बघा, मराठी लिहिलेलं सापडेल.

चकोर_लीड्स

डूलाली रोज ऐकते! आमची टीम लीड तर प्रत्येक मीटिंगनंतर म्हणते. मला वाटायचं काहीतरी आयरिश असेल. उद्याच सांगते तिला.

सासऱ्यांना काल सगळं वाचून दाखवलं. पुट आणि बटवर ते बराच वेळ बोलत होते, त्यांनाही शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. म्हणाले बुस राहू दे, पण शुद्धलेखन बघा. त्याचं काय, असं बोलल्याने स्पेलिंग बिघडतं का?

सह्यकडा

नाही बिघडत, इथल्या शाळांत यू हे अक्षर ‘उ’ म्हणूनच शिकवतात, मुलं कप लिहितात ते ऐकतात तसंच लिहितात. उलट दक्षिणेतल्या मुलांना एकाच यूचे दोन आवाज लक्षात ठेवावे लागतात.

तिला आता एक काम द्या. घरामागच्या दोन भिंतींमधल्या बोळाला शाळेतली मुलं काय म्हणतात ते विचारून आणायला सांगा. लीड्समध्ये ‘गिनल’ येईल, कोणी ‘स्निकेट’ म्हणेल, शेफिल्डचं कोणी असेल तर ‘जेनल’, आणि हल शहराकडचं असेल तर मागच्या रुंद गल्लीला ‘टेनफूट’ म्हणेल. मग साध्या गोल पावाला काय म्हणतात ते. वेस्ट यॉर्कशायरला ‘टीकेक’, शेफिल्ड आणि हलला ‘ब्रेडकेक’, मॅंचेस्टरला ‘बार्म’, नॉटिंगहॅमला ‘कॉब’, न्यूकॅसलला ‘स्टॉटी’, जी जरा मोठी आणि चपटी असते. ज्याचे आईबाप जिथले, त्याचा तिथला शब्द निघतो. वर्गातल्या प्रत्येकाचं उत्तर वहीत लिहायला सांगा आणि जमलं तर ती यादी इथे टाका.